वडिलांचा न्यूमोनिया बरा झाला, पण पायांतली ताकद गेली. ती परत येईल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वडील ७६ वर्षांचे, आजारी पडेपर्यंत स्वतःचं सगळं स्वतः करणारे. न्यूमोनियासाठी दहा दिवस हॉस्पिटलमध्ये होते. आता ताप नाही, एक्स-रे सुधारलाय, पण कमोडवरून उठवायला दोन माणसं लागतात आणि मांड्या निम्म्या झाल्यासारख्या दिसतात. डिस्चार्जच्या वेळी 'वयामुळे अशक्तपणा आहे, भरपूर आराम करू द्या' असं सांगितलं गेलं. ताकद परत येईल का, आणि खरंच आराम करायचा का?

मी फिजिओथेरपिस्ट आहे. माझं बहुतेक काम वॉर्डमधल्या वयस्कर पेशंटसोबत चालतं. आधी सरळ उत्तर देतो: बरीचशी ताकद परत येऊ शकते, पण पडून राहून येणार नाही. 'वयामुळे' या शब्दाचा मला मनापासून राग येतो, कारण तो ऐकला की घरचे प्रयत्नच सोडून देतात. दहा दिवसांत कुणी म्हातारं होत नाही. या दहा दिवसांत जे झालं ते आजार आणि अंथरूण या दोघांनी मिळून केलंय.

यातला अंथरुणाचा वाटा किती, हे मोजलं गेलंय. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात सरासरी ६७ वर्षं वयाच्या निरोगी माणसांना दहा दिवस अंथरुणात ठेवलं. ना ताप, ना जंतुसंसर्ग, जेवण वेळेवर. तरीही दहा दिवसांत पायांमधलं साधारण एक किलो मांस गेलं, गुडघा सरळ करणाऱ्या स्नायूंची ताकद सुमारे १६ टक्क्यांनी घटली आणि स्नायूंमध्ये नवं प्रोटीन तयार होण्याचा वेग ३० टक्क्यांनी मंदावला. तुमच्या वडिलांना तर वरून न्यूमोनिया होता.

स्नायू रोज थोडा मोडतो आणि रोज थोडा बांधला जातो. बांधकाम चालू राहायला दोन गोष्टी लागतात: स्नायूवर भार पडायला हवा आणि रक्तात प्रोटीन यायला हवं. वय वाढलं की तेवढ्याच प्रोटीनला स्नायू कमी प्रतिसाद देतो, म्हणून भाराचं महत्त्व आणखी वाढतं. अंथरुणात तो भारच काढून घेतला जातो. त्यात संसर्गाशी लढताना शरीर स्वतःचेच स्नायू मोडून त्यातला कच्चा माल वापरतं, आणि जेवण तर आजारात जातच नाही. आधी झिजतात ते मांड्या, नितंब आणि पोटऱ्यांचे स्नायू, कारण अंग उभं धरून ठेवण्याचं काम त्यांचं. हातांचं नुकसान त्या मानाने कमी होतं. म्हणूनच अशा पेशंटला पेला नीट धरता येतो, पण कमोडवरून उठता येत नाही.

आता 'अचानक कसं झालं?' या शंकेकडे येतो. तिशीतल्या माणसाला खुर्चीतून उठायला मांडीच्या ताकदीचा थोडासाच भाग लागतो, त्यामुळे १५-१६ टक्के गेले तरी त्याला कळतही नाही. पंच्याहत्तरीनंतर पुष्कळांची शिल्लक इतकी कमी असते की खुर्चीतून उठणं म्हणजे जवळजवळ पूर्ण जोर लावणं. स्वतःचं स्वतः उठायला किमान जेवढी ताकद लागते, ती एक रेषा समजा. आजारपणापूर्वी वडील त्या रेषेच्या जेमतेम वर असणार. तेवढी घट झाली आणि ते रेषेच्या खाली आले. यात आशेची बाजू अशी की थोडीशी ताकद परत आली तरी तो माणूस पुन्हा रेषेच्या वर जातो. सगळं मांस परत येईपर्यंत थांबावं लागत नाही.

हॉस्पिटलमध्ये कुणी मुद्दाम असं करत नाही. पण सगळी रचनाच झोपून राहण्याकडे ढकलते: हाताला सलाईन, नाकाला ऑक्सिजन, लघवीची नळी, पलंगाचे कठडे, आणि पेशंट पडला तर काय ही सगळ्यांच्या मनातली भीती. २००९ साली अमेरिकेत ६५ वर्षांवरच्या पेशंटना हालचाल मोजणारी यंत्रं लावून पाहिलं. हे सगळे चालू शकणारे लोक होते. तरी दिवसातला ८३ टक्के वेळ ते पलंगावर पडून होते. सत्तरीच्या पुढे भरती होणाऱ्यांपैकी साधारण एक तृतीयांश लोक आजारपणापूर्वी करत असलेलं अंघोळ, कपडे, संडास, चालणं यांपैकी एखादं काम गमावून घरी जातात. आजार बरा होऊनही.

डायपरचंच उदाहरण घ्या, कारण ते मी रोज पाहतो. माणूस दिवसातून सहा वेळा बाथरूमला गेला तर सहा वेळा पलंगावरून उठतो आणि सहा वेळा कमोडवरून. म्हणजे बारा वेळा मांडीला पूर्ण भार मिळाला, शिवाय जाता-येता चालणं झालं ते वेगळंच. सोय म्हणून डायपर बांधला की हे बाराही उठणं एका क्षणात बंद. गरज संपल्यावरही तशीच ठेवलेली लघवीची नळीसुद्धा नेमकं हेच करते, आणि वर संसर्गाचा धोका.

आणखी एक समज: सलाईन लावलं म्हणजे ताकद येते. पाच टक्के डेक्स्ट्रोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत २५ ग्रॅम साखर असते. त्यातून शंभर कॅलरीही मिळत नाहीत आणि प्रोटीन शून्य. शरीरातलं पाणी कमी झालं असेल तेव्हा ती बाटली जीव वाचवते, पण जेवणाची जागा घेऊ शकत नाही.

आता काय करायचं ते सांगतो. सगळ्यात महत्त्वाचा व्यायाम म्हणजे खुर्चीतून उठणं आणि बसणं. हातांची, न हलणारी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. बैठक त्यांच्या गुडघ्यांपेक्षा थोडी उंच हवी. नसेल तर न सरकणारी कडक गादी ठेवून उंच करा. त्यांना कडेपर्यंत पुढे सरकू द्या. पावलं जमिनीवर पूर्ण टेकलेली, टाचा गुडघ्यांच्या जरा मागे. मग दोन्ही हातांनी खुर्चीच्या हातांवर जोर देत पुढे वाकायचं. नाक पायाच्या बोटांच्या वर आलं की उठायचं. बहुतेकांची अडचण इथेच असते: ते मागे रेललेलेच उठायला बघतात आणि घरचे काखेत हात घालून वर ओढतात. त्याने खांदा दुखावतो आणि मांडीला काम काहीच मिळत नाही. तुम्ही बाजूला उभे राहा, एक हात त्यांच्या कमरेमागे ठेवा आणि लागेल तेवढाच आधार द्या. खाली बसताना धपकन बसू देऊ नका. सावकाश बसताना मांडीला जे सांभाळावं लागतं, तोही व्यायामच आहे.

सुरुवातीला एका वेळी तीन-चारदा, पण दिवसातून चार-पाच वेळा. जमायला लागलं की बैठकीची उंची कमी करा, मग हातांचा आधार कमी करा. जोडीला वॉकर घेऊन खोलीतल्या खोलीत चालणं, जेवण टेबलाशी बसून, आणि दिवसाचे कपडे अंगावर. प्रगती मोजायची तर हात छातीवर बांधून पाच वेळा उठून बसायला किती वेळ लागतो ते पाहा. १५ सेकंदांपेक्षा जास्त लागले तर ताकद अजून कमी आहे असं धरतात. आज त्यांना एकदाही जमणार नाही, ते ठीक आहे. पहिल्या दिवशी शक्य असेल तर फिजिओथेरपिस्टला घरी बोलवा. तोल कितपत आहे हे अनुभवी नजरेला लगेच कळतं.

खाण्याबाबत: वयस्कर आजारी माणसाला रोज वजनाच्या दर किलोमागे १.२ ते १.५ ग्रॅम प्रोटीन लागतं. ६० किलो वजनाला ७२ ते ९० ग्रॅम. हे दिवसभरात वाटून द्यायचं, दर जेवणात २५-३० ग्रॅमच्या आसपास. अंडी, दूध-दही, डाळी, मासे, जे त्यांना आवडतं आणि पचतं ते. भूक नसेल तर ताटात आधी प्रोटीन, भात-पोळी नंतर. मात्र किडनीचा आजार असेल तर प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवा. आणि व्यायामाशिवाय नुसती प्रोटीन पावडर देऊन फारसं काही होत नाही.

काही लक्षणं दिसली तर मात्र व्यायाम थांबवायला हवा. उभं राहिल्यावर चक्कर येत असेल तर झोपलेलं आणि उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत असं दोन्ही वेळा बीपी मोजा. वरचा आकडा २० किंवा त्याहून जास्त घसरत असेल तर डॉक्टरांशी बोला. झोपेच्या आणि बीपीच्या गोळ्यांचा फेरविचार करावा लागेल. एकाच पायाला सूज, छातीत दुखणं, अचानक वाढलेली धाप किंवा शरीराची एकच बाजू कमजोर वाटणं, यांपैकी काही दिसलं तर वाट न पाहता हॉस्पिटल गाठा.

इतक्या वयात व्यायाम झेपेल का, ही शंका तुमच्या मनात असणार. स्पेनमधल्या पाम्प्लोना इथे ३७० पेशंटवर झालेला अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांचं सरासरी वय ८७ होतं आणि ते आजारी म्हणून भरती झालेले होते. त्यातल्या निम्म्यांना पाच ते सात दिवस सकाळ-संध्याकाळ वीस-वीस मिनिटं देखरेखीखाली व्यायाम दिला, त्यात पायांच्या ताकदीचे व्यायामही होते. नुसते नेहमीचे उपचार घेणाऱ्या गटाची रोजची कामं करण्याची क्षमता डिस्चार्जपर्यंत घटली. व्यायाम करणाऱ्यांची घटली नाही, उलट किंचित वाढली. तुमचे वडील त्यांच्यापेक्षा अकरा वर्षांनी लहान आहेत.

जायला दहा दिवस लागले, यायला आठवडे आणि महिने लागतील. घरी आल्यानंतरचे पहिले काही आठवडे सगळ्यात मोलाचे, म्हणून उद्यापासून नको, आजच सुरू करा. आणि पुढे कधी भरती करायची वेळ आली तर पहिल्याच दिवशी राउंडला डॉक्टरांना विचारा: यांना खुर्चीत बसवू का, बाथरूमपर्यंत चालवत नेऊ का, आणि लघवीची नळी कधी काढणार?