यंत्रं हलवण्याआधी नोंदवही एक करा

दोन सेवाभावी संस्थांचं विलीनीकरण झालं. द्राक्षांतले कीटकनाशकांचे अंश आणि पाणी तपासणारी एकीची यंत्रं पिंपळगाव बसवंतला, दुसरीची नाशिक शहरात. आता विश्वस्तांना सगळी यंत्रं शहरातल्या एकाच हॉलमध्ये आणायची आहेत, तर सुरुवात कुठून करावी, असं तुम्ही विचारलंय. माझं मत स्पष्ट आहे: येता द्राक्ष हंगाम पार पडेपर्यंत एकही यंत्र हलवू नका. आधी कुठलं यंत्र कुणी कधी वापरायचं त्या बुकिंगची वही एक करा आणि प्रत्येक यंत्राला एक जबाबदार माणूस नेमा.

जानेवारी ते एप्रिल शेतकऱ्यांचे नमुने एकदम येतात आणि निकाल काढणीच्या आधी हातात हवा असतो. कॉलेजच्या विद्यार्थ्यांचं काम तेव्हा थांबू शकतं, बागायतदाराचं नाही. हा अग्रक्रम ठराव करून लिहून ठेवा, नाहीतर रोज सकाळी तंत्रज्ञाला भांडण सोडवत बसावं लागेल. एका हंगामाची एकत्र नोंद झाली की कुठलं यंत्र खरंच दोन्हीकडे हवं, कुठलं नुसतं धूळ खातंय, हे आपोआप दिसेल.

एकाच हॉलची कल्पना मला मुळातच धोक्याची वाटते. ज्या कीटकनाशकाला वेगळी मर्यादा ठरवलेली नाही, त्याच्या मालात उरलेल्या अंशाला युरोपात किलोमागे ०.०१ मिलिग्रॅमची सरसकट मर्यादा लागते. तुमची शहरातली शाखा बाटलीतल्या औषधाची प्रतही तपासत असेल, तर त्यात सक्रिय घटक ५० टक्केसुद्धा असू शकतो, म्हणजे या मर्यादेच्या पाच कोटी पट. दोन्हींचं वजन एकाच तराजूवर, स्टँडर्ड (तुलनेसाठी वापरायची शुद्ध रसायनं) एकाच फ्रीजमध्ये ठेवलीत, तर निर्दोष बागेच्या नमुन्यातही अंश सापडतील. २०१० साली सीसीसीच्या (क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढ रोखणाऱ्या रसायनाच्या) अंशांमुळे युरोपात द्राक्षांचे कंटेनर अडकले होते, त्याची झळ आपल्या जिल्ह्याला किती बसली ते इथे सगळ्यांना माहीत आहे. चुकीच्या रिपोर्टवरून कुणाचा माल अडकू नये.

धातू तपासायला पाण्याचे नमुने नायट्रिक आम्लात उकळता ना? ती खोलीही वेगळीच हवी, धूर बाहेर काढणारं फ्यूम हूड असलेली. आम्लाची वाफ मास स्पेक्ट्रोमीटरची (वस्तुमानावरून पदार्थ ओळखणाऱ्या यंत्राची) इलेक्ट्रॉनिक्स हळूहळू खाते.

कागदपत्रांत वेळ जातो. धर्मादाय आयुक्तांनी १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त अधिनियमातील कलम ५०-अ खाली एकत्रीकरणाची योजना केली, म्हणजे सगळं झालं असं धरू नका. सरकारी अनुदानातून घेतलेलं यंत्र मंजुरी देणाऱ्या खात्याच्या पूर्वपरवानगीशिवाय दुसऱ्याच्या हवाली करता येत नाही. सीएसआरच्या (कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीच्या) पैशातलं असेल, तर २०२१ च्या नियमदुरुस्तीनंतर ते नव्या संस्थेच्या नावावर करायला तिच्याकडे सीएसआर नोंदणी क्रमांक लागतो. एनएबीएलची (प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची) मान्यता ठरलेल्या पत्त्यावरच्या प्रयोगशाळेला असते, त्यामुळे नाव किंवा जागा बदलण्याआधी त्यांना कळवा. एएमसी (वार्षिक देखभाल करार) आणि सॉफ्टवेअरचं लायसन्स कुणाच्या नावावर आहे तेही आत्ताच बघा.

तंत्रज्ञांना पहिल्या बैठकीपासून बरोबर घ्या, हे कळकळीने सांगतो. दोन्ही संस्थांची वेतनश्रेणी वेगळी असणार, तो प्रश्न लांबवू नका. मास स्पेक्ट्रोमीटरचा आयन सोर्स (नमुन्याला विद्युतभार देणारा भाग) कधी साफ करायचा, पंपाचं तेल कधी बदलायचं हे ज्याच्या हाताला माहीत आहे तो माणूस सोडून गेला, तर नवं यंत्र घेऊनही ती जागा भरत नाही.

एवढं करून एखादं यंत्र हलवायचंच ठरलं, तर मे महिना बघा: द्राक्षांचे नमुने संपलेले असतात आणि पावसाची दमट हवा अजून यायची असते. कंपनीचा इंजिनिअर उभा राहिल्याशिवाय खोलू नका. नव्या जागी यूपीएस, अर्थिंग, गॅसची लाइन आधी तयार हवी. मास स्पेक्ट्रोमीटरला पुन्हा पूर्ण निर्वात व्हायला वेळ द्यावा लागतो. हलवण्याआधी एका माहितीतल्या नमुन्याचे छोटे भाग करून डीप फ्रीजरमध्ये ठेवा. जुन्या जागी त्याचं रीडिंग घ्या, नव्या जागी पुन्हा घ्या. दोन्ही जुळेपर्यंत शेतकऱ्याचा नमुना त्या यंत्रावर लावू नका.