गिरणीच्या शेडमध्ये न्यायालय

प्रश्न : बंद सूतगिरणीच्या करवती (करवतीच्या दात्यांसारख्या) छपराच्या शेडमध्ये न्यायदालनं करायची आहेत. मधले बिडाचे (ओतीव लोखंडाचे) खांब काढता येतील का?

उत्तर : नको. छपराचा भार त्यांच्यावरच आहे; कित्येकदा पन्हाळीचं पाणीही पोकळ खांबातूनच उतरतं, म्हणून ते आतून गंजलेत का हे आधी तपासा. मजबुतीसाठी वेल्डिंग करू नका, बीड तडकतं. बोल्टचे क्लॅम्प लावा. न्यायासन आणि साक्षीदाराचा पिंजरा यांच्यामध्ये खांब येणार नाही अशी मांडणी करा.

खरी डोकेदुखी आवाजाची. शहाबादी फरशी आणि पत्र्यामुळे आवाज घुमतो, साक्ष ऐकू कशी येणार? छताखाली खनिज लोकरीची (दगड वितळवून काढलेल्या तंतूंची) आवाज शोषणारी ५० मिमी जाड पॅनेलं बसवा. नुसत्या पडद्यांनी भागत नाही. अभिलेख कक्ष पोटमाळ्यावर नेऊ नका, कागद फार जड. आरोपी, न्यायाधीश आणि पक्षकारांच्या वाटा वेगळ्या ठेवा.