भाताचे जनुक आणि भाताचे खाचर : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

मागील अंकात भाताच्या आनुवंशिकीवरील आणि लागवडशास्त्रावरील संशोधनाचा परिचय प्रसिद्ध झाल्यानंतर आलेल्या पत्रांपैकी निवडक प्रश्न येथे घेतले आहेत. एकाच आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : भाताचे पीक तर पाण्यातच उभे असते. मग पुरात ते मरते कशाने? आणि ‘सब-१’ असलेले वाण दोन आठवडे बुडूनही कसे तगते?

उत्तर : भात पाण्यात उभा असतो, बुडालेला नसतो. पानांचे शेंडे हवेत असले की पाने, खोड आणि मुळे यांना जोडणाऱ्या हवेच्या पोकळ्यांतून प्राणवायू थेट मुळांच्या टोकापर्यंत उतरतो, आणि म्हणूनच ज्या चिखलात इतर पिकांची मुळे गुदमरून कुजतात तेथे भात चांगला पोसतो. संपूर्ण रोप पाण्याखाली गेले की ही वाट बंद होते. वायू पाण्यात हवेच्या तुलनेत सुमारे दहा हजार पट सावकाश पसरतात. त्यामुळे प्राणवायू आत येत नाही आणि रोपात तयार होणारे इथिलीन हे वायुरूप संप्रेरक बाहेर पडत नाही. साठलेल्या इथिलीनमुळे जिबरेलिन या वाढीच्या संप्रेरकाला रोप अधिक तीव्रतेने प्रतिसाद देऊ लागते आणि पाण्याबाहेर डोके काढण्यासाठी झपाट्याने उंच होते. पाणी चार दिवसांत ओसरले तर ही धडपड कामी येते. पण गढूळ पाण्यात प्रकाशसंश्लेषण जवळपास थांबलेले असल्याने ही सगळी वाढ आधी साठवलेल्या पिष्टावर आणि शर्करेवर चालते. तो साठा संपल्यावर पाणी उतरले, तर लांबट, फिकट रोप चिखलावर आडवे होते आणि पुन्हा उठत नाही.

‘सब-१’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पूर सहन करण्याच्या गुणामागचे ‘सब-१ए’ हे जनुक या धडपडीला लगाम घालते. ते असलेले रोप बुडाले की उंच होण्याऐवजी वाढ थांबवते, साठा जपून वापरते आणि पाणी ओसरल्यावर त्याच साठ्यातून नवी पाने काढते. ओडिशातील एफआर-१३ए या जुन्या वाणाचा हा गुण भात-पैदासकारांना कित्येक दशके ठाऊक होता. १९९६ साली त्याचे स्थान नवव्या गुणसूत्रावर निश्चित झाले आणि २००६ साली नेमके जनुक हाती आले. मला या कथेचा सर्वांत रंजक भाग त्यानंतरचा वाटतो. २००९ साली जपानी संशोधकांनी खोल पाण्यातील भातात ‘स्नॉर्केल’ नावाची दोन जनुके शोधली. तीही ‘सब-१ए’प्रमाणेच इथिलीनला प्रतिसाद देणाऱ्या जनुकांच्या कुळातली, पण त्यांचे काम नेमके उलटे, ती रोपाला पाण्याच्या पातळीबरोबर वर चढायला लावतात, आणि अनुकूल स्थितीत असे रोप दिवसाला वीस-पंचवीस सेंटीमीटर वाढू शकते. महिनोन्‌महिने पाणी तुंबणाऱ्या प्रदेशात स्नॉर्केल उपयोगी, आणि दहा-पंधरा दिवसांत ओसरणाऱ्या पुरात सब-१. अदलाबदल केली तर दोन्ही निरुपयोगी ठरतात. तेव्हा पूर सहन करणारे वाण म्हणून एकच बियाणे सर्वत्र पेरण्याचा सल्ला कोणी दिला, तर आधी आपल्याकडे पूर किती दिवस टिकतो ते त्याला सांगावे.

जनुक असले म्हणजे रोप जगेलच असेही नाही. रोपवाटिकेत बी दाट टाकले असेल, रोपे काडीसारखी किरकोळ झाली असतील किंवा पुराच्या तोंडावर नत्राचा मोठा हप्ता दिला असेल, तर सब-१ असूनही मर वाढते, कारण लुसलुशीत रोपात साठा कमी असतो. बी पातळ पेरावे, लावणीला थोडी जून आणि दणकट रोपे घ्यावीत आणि पाणी ओसरल्याबरोबर युरिया टाकण्याची घाई करू नये. नवी पाने दिसू लागल्यावर दिलेले नत्र पीक उचलते, त्याआधी दिलेले बहुतांशी वाया जाते.

प्रश्न : जनुक सापडल्याच्या बातम्या येतात, पण त्या जनुकाचे वाण शेतात यायला इतकी वर्षे का लागतात?

उत्तर : कारण जनुक एकटे येत नाही. एफआर-१३ए पुरात तगते, पण त्याचे उत्पन्न कमी आणि दाण्याची प्रतही सुमार. त्याचा चांगल्या वाणाशी संकर केला की पहिल्या पिढीत दोघांचा अर्धा-अर्धा वारसा येतो. हव्या असलेल्या एका जनुकासाठी नको असलेली हजारो जनुके स्वीकारायची नसतील, तर त्या संततीचा पुन्हा पुन्हा चांगल्या वाणाशीच संकर करावा लागतो. प्रत्येक फेरीत परक्या वाणाचा वाटा सरासरीने निम्मा होतो. मात्र हव्या जनुकाला लागून असलेला गुणसूत्राचा तुकडा चिवटपणे सोबत राहतो. पूर सहन करणारी सुरुवातीची वाणे शेतकऱ्यांनी उचलली नाहीत, त्याचे मोठे कारण असा नकोसा वारसा हेच होते.

यातील प्रत्येक संकर हाताने करावा लागतो. भाताच्या फुलात सहा पुंकेसर असतात आणि फूल उमलते त्या सुमारास त्याच फुलातले पराग त्याच्याच कुक्षीवर पडून मोकळे होतात. म्हणून आदल्या दिवशी दुपारनंतर, उद्या उमलतील अशी फुले निवडून त्यांच्या तुसाचे वरचे टोक कात्रीने तिरके छाटतात, चिमट्याने किंवा बारीक शोषनळीने सहाही परागकोश अलगद काढतात आणि लोंबीवर कागदी पिशवी चढवतात. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ-दहाच्या सुमारास, नर वाणाची फुले उमलत असताना, त्याची लोंबी पिशवीच्या उघड्या तोंडात धरून झटकतात. एक परागकोश जरी आत राहिला तरी मिळणारा दाणा संकराचा नसून आईच्याच वाणाचा असतो, आणि ते पुढच्या हंगामातच कळते. रोपे लहान असतानाच पानाचा तुकडा घेऊन डीएनएच्या खुणांनी हे तपासता येऊ लागल्यापासून पुष्कळ वेळ वाचला. स्वर्णा या लोकप्रिय वाणात सब-१ बसवण्याचे काम त्या खुणांमुळेच मोजक्या फेऱ्यांत झाले आणि २००९ साली ते वाण भारतात प्रसारित झाले. पूर आला नाही तर स्वर्णा-सब-१ हे मूळ स्वर्णासारखेच पिकते. ही गोष्ट किरकोळ वाटेल, पण शेतकऱ्याने ते स्वीकारण्यामागे तिचा मोठा वाटा आहे. पूर दरवर्षी येत नाही, तेव्हा कोरड्या वर्षी मार खाणारे वाण कोण लावेल?

प्रश्न : बुटक्या वाणांनी उत्पन्न वाढले असे शाळेत शिकलो. रोप लहान झाल्यावर धान्य जास्त कसे येते? आणि तीच वाणे आता पूर्वीइतकी का पिकत नाहीत?

उत्तर : आधी पहिला भाग. जुनी उंच वाणे नत्र दिले की आणखी उंच होत, लोंबी जड झाली की लोळत, आणि लोळलेल्या पिकात पाने एकमेकांखाली दबून दाणे पोचट राहत. म्हणजे खत देऊन नुकसान. फिलिपिन्समधील लॉस बान्योस येथील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत १९६२ साली इंडोनेशियातील उंच ‘पेटा’ आणि तैवानमधील बुटके ‘डी-जिओ-वू-जेन’ यांचा संकर झाला आणि त्यातून निवडलेले आयआर-८ हे वाण १९६६ साली प्रसारित झाले. त्याचे आखूड, ताठ खोड नत्राचा भार पेलू शकले. उंच वाणांत जमिनीवरच्या एकूण वजनापैकी साधारण तीस टक्के धान्य असे. बुटक्या वाणांत हा वाटा पन्नास टक्क्यांच्या आसपास गेला. एकूण पेंढा-धान्य मिळून रोपाने फार काही अधिक बनवले असे नाही, वाटणी बदलली. या बुटकेपणामागचे ‘एसडी-१’ हे जनुक २००२ साली ओळखले गेले. ते जिबरेलिन बनवणाऱ्या एका विकराचे जनुक असून बुटक्या वाणात ते मोडलेले आहे. त्याच कामाचे दुसरे जनुक फुलोऱ्याची गरज भागवते, म्हणून खोड आखूड होते पण दाणे धरण्यात अडचण येत नाही.

दुसऱ्या भागाचे उत्तर कमी सुखद आहे. त्याच संस्थेच्या शेतावर आयआर-८ साठच्या दशकाच्या अखेरीस हेक्टरी ९ ते १० टन देत असे. नव्वदच्या दशकानंतर तेच वाण तेथेच ७ टनांच्या आसपास येऊ लागले. बियाणे बिघडले असावे, हा पहिला संशय. तो तपासला असता दोष बियाण्यात आढळला नाही. वाण तेच राहिले होते आणि त्याच्याभोवतीची परिस्थिती बदलली होती. वर्षातून दोन-तीनदा भातच घेतलेल्या जमिनी, नवनवे रोग आणि किडी, आणि हवामान. याच संस्थेच्या १९७९ ते २००३ या काळातील नोंदींवरून असे दिसले, की कोरड्या हंगामात रात्रीचे किमान तापमान एक अंशाने वाढले की उत्पन्न सुमारे दहा टक्क्यांनी घटते. पैदासकाराचे निम्मे कष्ट उत्पन्न वाढवण्यात नव्हे, तर होते तेवढे टिकवण्यात जातात. उत्पन्नाचे आकडे वाढले नाहीत म्हणून संशोधन थांबले असे समजणाऱ्यांच्या हे लक्षात येत नाही.

प्रश्न : संकरित भाताचे घरचे बी पुढच्या वर्षी वापरावे का?

उत्तर : वापरू नये. संकरित वाणाचा जोम पहिल्या पिढीपुरता असतो. पुढच्या पिढीत गुण विखुरतात, उंची आणि पक्वता यांत एकसारखेपणा राहत नाही. सुधारित सरळ (संकरित नसलेल्या) वाणांचे बी मात्र भेसळीची रोपे उपटून टाकून काही वर्षे बिनदिक्कत राखता येते.

प्रश्न : २०२५ साली भारतात जाहीर झालेली जनुक-संपादित भाताची वाणे आणि जनुकीय सुधारित पिके यांत फरक काय?

उत्तर : जनुकीय सुधारित पिकात सामान्यतः दुसऱ्या जीवाचे जनुक आणून बसवलेले असते. मे २०२५ मध्ये जाहीर झालेल्या ‘कमला’ आणि ‘पुसा डीएसटी राइस-१’ या वाणांत भाताच्याच स्वतःच्या जनुकात नेमका छोटा बदल केला आहे आणि अंतिम रोपात परका डीएनए उरलेला नाही. ‘कमला’ हे सांबा मसुरी या वाणावरून केले असून त्यात सायटोकायनिन या संप्रेरकाचे विघटन करणाऱ्या विकराचे जनुक संपादित केले आहे. विघटन कमी झाले की लोंबीतील दाण्यांची संख्या वाढते. हे तत्त्व नवे नाही. याच जनुकातील नैसर्गिक बदलामुळे हाबाताकी या वाणाच्या लोंबीत जास्त दाणे धरतात, हे जपानमध्ये २००५ सालीच दाखवले गेले होते.

येथे माझे मत स्पष्ट सांगतो. लोंबीत दाणे वाढणे आणि ते भरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चौरस मीटरमधील लोंब्या, लोंबीतील दाणे, त्यांतील भरलेल्यांचे प्रमाण आणि हजार दाण्यांचे वजन या चारांच्या गुणाकाराने उत्पन्न ठरते, आणि एक घटक वाढला की दुसरा उतरण्याची प्रवृत्ती असते. म्हणून या वाणांविषयी मत बनवताना कोणत्या जमिनीत, किती नत्रावर आणि किती हंगामांत ती तपासली, हे प्रश्न आधी विचारावेत. तंत्र सुरक्षित की असुरक्षित एवढ्यावरच वाद घालत बसल्याने हे प्रश्न मागे पडतात.

प्रश्न : खाचरात सतत पाणी साठवून ठेवले नाही तर उत्पन्न घटते का?

उत्तर : लावणीनंतरचे पहिले दोन आठवडे आणि फुलोऱ्याच्या आगेमागे एक-एक आठवडा सोडला, तर घटत नाही. भोके पाडलेली नळी खाचरात उभी पुरावी आणि आतील माती काढून टाकावी, म्हणजे जमिनीखालची पाण्याची पातळी डोळ्यांना दिसते. ती पृष्ठभागापासून १५ सेंटीमीटर खाली गेली की पुन्हा सुमारे ५ सेंटीमीटर पाणी भरावे. मुळे तेवढ्या खोलीवरचे पाणी घेत असतात, म्हणून वरची माती भेगाळू लागली तरी पिकाला ताण बसलेला नसतो. या पद्धतीने पाण्याची बचत तीस टक्क्यांपर्यंत होऊ शकते. चिखलात हवा शिरल्यामुळे मिथेन तयार करणाऱ्या सूक्ष्मजीवांचे काम खुंटते आणि त्या वायूचे उत्सर्जन साधारण निम्म्यावर येते. नायट्रस ऑक्साइड थोडा वाढतो, पण एकूण हिशेबात लाभ राहतो.

दोन अडचणी मात्र आहेत. पाणी हटले की तण उगवते, म्हणून सुरुवातीचे तणनियंत्रण झाल्याशिवाय ही पद्धत सुरू करू नये. दुसरी अडचण नत्राची. जमीन सुकताना अमोनियमचे नायट्रेट होते आणि पाणी भरताच ते वायुरूपाने उडून जाते. म्हणून युरिया साचलेल्या पाण्यात टाकण्याऐवजी, पाणी भरण्याच्या अगदी आधी सुकलेल्या मातीवर टाकावा, म्हणजे पाण्याबरोबर तो मुळांच्या थरात उतरतो. ज्या खाचरात पाणी हवे तेव्हा भरण्याची सोय नाही, तेथे हा प्रयोग करू नये.