हिरो सोडा, शेजारी बघा

रिमोट इकडं द्या : वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं

मागच्या अंकात कोरियन प्रेममालिकांबद्दल जाता जाता दोन ओळी लिहिल्या, तर पत्रांचा पाऊस पडला. म्हणून यावेळी सगळे प्रश्न त्याच विषयावरचे घेतले आहेत. राजेरजवाड्यांच्या मालिकांबद्दल विचारणाऱ्यांनी थोडी कळ काढावी. आज फक्त हसवत हसवत लग्नापर्यंत नेणाऱ्या मालिका.

ताई, नमस्कार. लेकीच्या नीटच्या क्लाससाठी आम्ही दोघी लातुरात खोली करून राहतो. रात्री पुस्तकं मिटली की ती मोबाइलवर कोरियन मालिका लावते. लक्ष ठेवावं म्हणून मी शेजारी बसायला लागले. आता ती एक भाग बघून झोपी जाते आणि मी पुढचा लावते. आमचे मालक गावाकडून फोनवर म्हणतात, "या वयात काय थेरं लावलीत!" या मालिकांत खरंच काही असतं, का मलाच येड लागलंय?
– एक आई, लातूर

येड-बीड काही नाही. तुम्हाला बऱ्याच वर्षांनी शेवट असलेली गोष्ट भेटलीय. आपल्याकडची मालिका टीआरपी असेतो मरत नाही. लग्न लागलं की अपहरण, अपहरण संपलं की स्मृती जाते, स्मृती आली की तोंडावळ्याची दुसरी बाई घरात येते. तिकडची प्रेममालिका बहुधा सोळा भागांची. भाग तासा-सव्वा तासाचा, आठवड्याला दोन. दोन महिन्यांत मांडव उतरतो. शिवाय अख्खी मालिका बहुतेक वेळा एकाच लेखकाच्या हातची असते, आणि हा लेखक पुष्कळदा बाई असते. किम उन-सूक, पार्क जी-उन, होंग आडनावाच्या दोघी बहिणी. तिकडं यांच्या नावावर मालिका बघितल्या जातात. आपल्याकडं चालू मालिकेच्या लेखिकेचं नाव किती जणींना सांगता येईल?

एक हात एवढं सगळं लिहितो तेव्हा काय होतं ते बघा. २०२१ ची 'होमटाउन चा-चा-चा'. राजधानी सोलची एक दातांची डॉक्टरीण समुद्राकाठच्या गावात दवाखाना टाकते. गावात गाम-री नावाची आजी आहे. दात पार गेलेत, पण इम्प्लांटचा खर्च ऐकून ती खुर्चीवरून उठून चालू लागते. पोरावर कशाला भार, हे तिचं गणित. डॉक्टरीण आधी चिडते. मग तिला कळतं की आजीला मऊ भात नकोय, तिला तिच्या समुद्रातलं स्क्विड कराकरा चावून खायचंय. झालं, त्या दोघींचं जमतं. यात हिरो कुठं आहे? आहे, पण कडेला. माझं म्हणणं हेच आहे. या मालिकांचा खरा माल हिरोत नसतो, त्याच्या आजूबाजूच्या माणसांत असतो. त्या गावातल्या तीन म्हाताऱ्या, सगळ्यांच्या खबरी पुरवणारी हॉटेलवाली, एकाच गावात राहणारं घटस्फोटित जोडपं, यांना काढून टाकलं तर उरतं काय? दोन देखणी माणसं आणि एक दीपगृह.

आता दोषही सांगते, नाहीतर तुमचे मालक म्हणतील, ताईला तिकडून पाकीट आलं. पहिले आठ भाग पोट धरून हसवतात. नववा-दहावा लागला की हळूहळू ढग दाटतात. कुणाचा तरी जुना अपघात निघतो, बाप कुणाच्या तरी मरणाला जबाबदार निघतो. जो गैरसमज एका फोनवर मिटला असता त्यावर तीन भाग रडारड होते. शेवटाच्या तोंडाशी दोघांतलं एक जण वर्षभर परदेशी जातं, कारण कथेला तेवढी जागा भरायची असते. 'चा-चा-चा'ही यातून सुटली नाही. हिरोचा भूतकाळ उघडतो आणि मालिकेचा सूरच बदलतो. याला एक धंद्याचं कारणही होतं. पूर्वी तिकडं अर्धी मालिका दाखवली जात असताना उरलेली लिहून होत असे. रात्री पानं हातात, सकाळी शूटिंग. रेटिंग बघून वळणं बदलत. आता पुष्कळ मालिका आधीच चित्रित करून ठेवतात, तरी मधला घसरडा पट्टा काही गेला नाही.

लेकीला एक भागावर झोप येते ना? मग तिची काळजी सोडा. तुमच्या झोपेचं बघा.

नमस्कार ताई. माझं कृषी सेवा केंद्र आहे, साखरपुडा झालाय, लग्न तुळशीच्या लग्नानंतर. होणारी बायको रोज कोरियन हिरोच्या क्लिपा पाठवते. पाऊस पडतो, तो छत्री घेऊन येतो, ती घसरते, तो धरतो. मी पाच फूट पाच इंच, आणि पाऊस पडला की दुकानात बियाण्याला गर्दी. मी काय करावं?
– एक होतकरू, हिंगोली जिल्हा

बाबा रे, आधी काय करू नकोस ते सांगते. तिचं मनगट धरून तिला ओढत नेऊ नकोस. या मालिकांत हे इतक्या वेळा होतं की बघणाऱ्याला ते प्रेमच वाटायला लागतं. २००९ च्या 'बॉइज ओव्हर फ्लॉवर्स'चा हिरो तर शाळेत ज्याच्यावर खप्पामर्जी त्याला लाल कार्ड देऊन सगळ्यांकडून छळवून घेतो, आणि पुढं हाच पोरींच्या भिंतीवर लागतो! 'व्हॉट्स राँग विथ सेक्रेटरी किम' किंवा 'बिझनेस प्रपोजल' बघताना मलाही हसू येतं, नाही म्हणत नाही. पण दोन्हीकडं मालक आणि त्याच्या हाताखालची बाई हाच मामला आहे. खऱ्या ऑफिसात यातले निम्मे प्रसंग तक्रार समितीपुढं गेले असते. हे आता तिकडच्या लोकांनाही खुपतंय. २००५ मध्ये गाजलेली 'माय लव्हली सॅम सून' २०२४ मध्ये पुन्हा संपादित करून सोळाची आठ भागांची केली. काळ बदलला, तसा त्या हिरोचा उद्दामपणा आता गोड वाटत नाही.

आता कामाचं. 'क्रॅश लँडिंग ऑन यू' तुला माहीत असेल. नसेल तर तिनं एखादी क्लिप पाठवलीच असेल. दक्षिण कोरियाची श्रीमंत उद्योजिका पॅराग्लायडिंग करताना वादळात सापडून उत्तर कोरियात पडते आणि तिथला एक लष्करी अधिकारी तिला लपवतो. गोष्ट अशक्य कोटीतली आहे, पण गावाचं चित्र बरंच नीट जमलंय, कारण लिहिणाऱ्यांच्या टीममध्ये उत्तर कोरियातून आलेला एक माणूस होता. ती बाई त्याच्याकडं सुगंधी मेणबत्ती मागते. त्याला कळत नाही, तो साधी आणतो. पुढं ती बाजारात हरवते, अंधार पडतो, ती घाबरून उभी असते. तेवढ्यात गर्दीच्या डोक्यावर एक हात वर येतो आणि त्या हातात पेटलेली मेणबत्ती असते. यावेळी सुगंधी. आणखी एके ठिकाणी ती कॉफी मागते, तर हा गडी कच्च्या बिया आणून कढईत भाजतो, हातानं दळतो आणि गाळून देतो.

यात उंची कुठं आली, पाऊस कुठं आला? तिनं काय मागितलं होतं ते त्यानं लक्षात ठेवलं आणि चुकलेलं दुरुस्त केलं. एवढं तुला दुकानाच्या गल्ल्यावर बसूनही जमेल. ती क्लिप पाठवते तेव्हा अंगठा दाखवून मोकळा होऊ नकोस. यातलं नेमकं काय आवडलं, हे विचार. उत्तर छत्री नसेल, पैज लाव. आणि खरी छत्री दुकानात असू दे, मृगात लागतेच.

जाता जाता, त्या मालिकेतले नायक-नायिका ह्योन बिन आणि सोन ये-जिन यांनी २०२२ मध्ये खरोखरच लग्न केलं. त्यामुळं तुझा एक प्रतिस्पर्धी तर कमी झालाच आहे.

ताई, रात्री सगळं आवरल्यावर मी हेडफोन लावून कोरियन मालिका बघते. सासूबाई म्हणतात, "काय बघूलालीस गं एवढं त्या परदेशात?" त्यांना काय सांगू, तिथंही सासूच आहे! श्रीमंत घरातली आई येते, गरीब पोरीपुढं पैशाचं पाकीट ठेवते, तोंडावर पाणी फेकते. एवढा पुढारलेला देश, आणि बाईचं हे का?
– एक सून, जालना

अगं, तू नेमक्या जागी बोट ठेवलंस. पाकिटाचा हा प्रसंग इतका झिजलाय की आता मालिकाच त्याची टिंगल करतात. पण तो आला कुठून? मोठमोठे उद्योग काही घराण्यांच्या हातात, आणि लग्न म्हणजे दोन कंपन्यांचा सौदा. तिकडच्या प्रेममालिकेचा सगळ्यात मोठा दोष मला यातच दिसतो. घरभाडं, कर्ज, नोकरी हे प्रश्न फार छान उभे करतात, आणि मग श्रीमंत नवरा देऊन एका झटक्यात सोडवतात. पडद्याबाहेर काय आहे? बाई आणि पुरुष यांच्या पगारातली तफावत ओईसीडी या पुढारलेल्या देशांच्या गटात सर्वांत जास्त दक्षिण कोरियात आहे. २०२३ मध्ये तिथला जननदर एका बाईमागं ०.७२ वर आला होता. म्हणजे ज्या देशातल्या प्रेमकथा आपण रात्री जागून बघतो, तिथल्या पोरी लग्नाला आणि पोराबाळांना चक्क नको म्हणतायत. मालिकेतला तो मऊ, ऐकून घेणारा, स्वयंपाक करणारा नवरा कुणाच्या भुकेतून जन्मला असेल, याचा विचार कर.

तुला एक मालिका सांगते. २०१७ ची 'बिकॉज धिस इज माय फर्स्ट लाइफ'. मालिकांच्या लेखकाच्या हाताखाली राबणारी जी-हो, तिला राहायला घर नाही. से-ही नावाच्या माणसाकडं घर आहे, पण म्हातारपणापर्यंत फेडायचं कर्ज आहे. त्याला भाडेकरू हवा, हिला खोली. मग करारानं लग्न. ठरलेलं असतं की एकमेकांच्या घरच्यांचं ओझं एकमेकांवर टाकायचं नाही. तरी सासरी पूर्वजांच्या श्राद्धाचा दिवस येतो आणि ही जाते. कुणी जबरदस्ती केलेली नसते. चांगलं दिसावं म्हणून जाते आणि दिवसभर स्वयंपाकघरात राबते. आपल्याकडं पितृपक्षात वडे तळणाऱ्या सुनेला हे समजावून सांगायला नको. मजा पुढं आहे. नवऱ्याला वाटतं, हे श्रम फुकट कसे घ्यायचे? तर ती म्हणते, माझ्या माहेरी चल, किमची घालायला. हिवाळ्याच्या तोंडाला अख्खं घर, शेजारीपाजारी मिळून कोबीचे ढीगच्या ढीग मुरवतात, आपल्याकडच्या उन्हाळी कुरडया-पापडांसारखंच. किमची घालायचा हा रिवाज युनेस्कोनं २०१३ मध्ये वारशाच्या यादीत घेतला. तर हे जावई दक्षिणेच्या टोकाला सासुरवाडीत जाऊन हातमोजे चढवून कोबी चोळतात. दिवसाला दिवस, राबण्याला राबणं.

हा भाग सासूबाईंना शेजारी बसवून दाखव. एक हेडफोन त्यांच्या कानात घाल. नाकं मुरडतील, पण किमचीच्या मिठाचं प्रमाण चुकलंय असं म्हणाल्याशिवाय राहायच्या नाहीत.

मॅडम, नात बघते म्हणून मीही बघतो. सगळ्यांची तोंडं सारखी, सगळ्यांची नावं किम. आणि ही माणसं सारखी खात का असतात?
– एक निवृत्त गृहस्थ, अंबाजोगाई

काका, तिकडं दर पाच माणसांत एक किम आहे, त्यामुळं तक्रार रास्त. आडनाव आधी येतं हे लक्षात ठेवा आणि पुढचं नाव पकडा. तोंडांचं म्हणाल तर चार भाग धीर धरा, डोळे सरावतात. आपल्याला सगळे परके सारखे दिसतात, तसे त्यांनाही दिसतात. २०२३ च्या 'किंग द लँड'मध्ये एक अरब राजपुत्र इतका थिल्लर दाखवला की जगभरातून ओरड झाली आणि माफी मागावी लागली. ते काम करणारा नट आपला, अनुपम त्रिपाठी! बाहेरच्या माणसाचं चित्रण हा या मालिकांचा लंगडा पाय आहे.

खाण्यातलं निम्मं कथेचं, निम्मं जाहिरातीचं. तिकडं मालिकेत वस्तू मिरवायला २०१० पासून कायद्यानं मुभा आहे. म्हणून तर खेड्यातला आणि सोलचा हिरो एकाच दुकानातलं सँडविच खातो. पण भात, सूप आणि तळलेल्या कोंबडीवर बसून होणारी भांडणं खरी असतात. तिथं आवाज वाढवा.

ताई, एकही बघितलेली नाही. कुठून सुरू करू? वेळ कमी आहे.
– एक विद्यार्थिनी, नांदेड

वेळ कमी असेल तर 'बिझनेस प्रपोजल', बारा भागांत हसून मोकळी होशील. गाव आवडत असेल तर 'चा-चा-चा'. घरी आईसोबत बघणार असशील तर 'व्हेन द कॅमेलिया ब्लूम्स': एकटीनं पोरगं वाढवणारी, छोटा बार चालवणारी बाई आणि तिच्यावर नजर ठेवून असलेला गाव. त्यात खुनाचाही धागा आहे, रात्री उशिरा नको. आईनं पोरांसाठी नोकरी सोडली असेल तर तिला 'रोमान्स इज अ बोनस बुक' दे. त्यातली घटस्फोटित नायिका एवढी शिकलेली असून, पुन्हा काम मिळावं म्हणून आपली डिग्री लपवते. 'बॉइज ओव्हर फ्लॉवर्स' सगळ्यात शेवटी, तेही मैत्रिणींच्या घोळक्यात, शिव्या घालत बघायला.

हिंदी डबिंग मात्र लावू नकोस. त्यात गाम-री आजीसुद्धा मुंबईच्या कॉलेजातली वाटते. खालच्या ओळी वाच, मूळ आवाज ऐक, आणि परीक्षा संपेपर्यंत दिवसाला एकच भाग.