वाचकांचे प्रश्न : जादूलाही मोजपट्टी लागते

मुलांसाठी अद्भुत कादंबरी लिहिणाऱ्या, शिकवणाऱ्या आणि भाषांतर करणाऱ्या वाचकांची या खेपेला बरीच पत्रे आली. उत्तरांसाठी दहा पुस्तकांत हिंडण्यापेक्षा एकच पुस्तक उघडे ठेवले आहे : लुईस कॅरल यांचे १८६५ सालचे ‘ॲलिस इन वंडरलंड’. ससा, टोपीवाला, हसरे मांजर आणि पत्त्यांतली राणी बहुतेकांच्या ओळखीची असतात, त्यामुळे गोष्ट पुन्हा सांगत बसावे लागत नाही.

प्रश्न : माझ्या कादंबरीत बोलणारी झाडे आहेत, उडणारी खाट आहे, नायिकेकडे जादूची कुपी आहे. तरी मुले निम्म्यात पुस्तक ठेवून देतात. एक जण म्हणाला, “आता ती कुपी काढणार, माहितीय.” चुकते कुठे? (एक लेखिका, सातारा)

त्या मुलाने नेमके बोट ठेवले आहे. कुपी हवे तेव्हा हवे ते देत असेल, तर अडचण उरत नाही. अडचण नाही तर गोष्ट कसली?

ॲलिसचे जग वरवर मोकाट वाटते, पण आकडे मांडून पाहा. पहिल्या प्रकरणात बागेत जाणारे दार सुमारे १५ इंच उंचीचे. ॲलिस बाटलीतले पिते आणि १० इंचांची होते. आता दारातून सहज जाईल, पण किल्ली काचेच्या मेजावर राहिली आणि मेजाचा पाय गुळगुळीत. मग केक खाते तर ९ फुटांच्या वर जाते. किल्ली हातात आली, पण दारातून फक्त एक डोळा लावून बघता येते. रडते, तर भोवती ४ इंच खोल पाण्याचे तळे साचते. पुढे ती पुन्हा बोटभर होते आणि त्याच तळ्यात पडते. पाणी हनुवटीपर्यंत, आणि खारट. आपल्याच आसवांत बुडायची वेळ आणणारी ही जादू आहे, आणि तिचा हिशेब चार इंचांनी जुळवलेला आहे.

यातून उचलायचे ते असे. वहीत चार रकाने आखा : प्रकरण, नायिकेची अवस्था, ती कशामुळे झाली, आणि त्या अवस्थेत तिला काय करता येत नाही. चौथा रकाना कुठे रिकामा राहिला, तर ते प्रकरण पुन्हा लिहायला घ्या. बहुतेक हस्तलिखितांत पहिले तीन भरलेले असतात आणि चौथा कोरा.

दुसरे, बाग. ती पहिल्या प्रकरणात दिसते आणि ॲलिस तिथे पोहोचते सातव्याच्या शेवटी. मधल्या पानांत ती सुरवंटाशी वाद घालते, डचेसच्या ४ फुटी घराशी जाताना स्वतःला ९ इंचांवर आणते, चहाच्या मेजावर अपमान सोसते, पण बाग मनातून जात नाही. शेवटी दारापाशी ती काय करते ते शब्द मोजून वाचा : आधी किल्ली घेते, दार उघडते, मग अळंबीचा तुकडा कुरतडून सुमारे फूटभर होते. पहिल्या वेळी क्रम उलटा होता. ‘ॲलिस आता शहाणी झाली होती’ असे वाक्य कुठे लिहावे लागलेले नाही. तुमची कुपी शेवटच्या प्रकरणात काढाच, पण पहिल्या वेळेपेक्षा वेगळ्या क्रमाने.

प्रश्न : ॲलिसमधले श्लेष मराठीत कसे आणायचे? अर्थ द्यावा तर विनोद जातो, विनोद ठेवावा तर तळटीप येते. (एक भाषांतरकार, बेळगाव)

तळटीप नको. समजावून सांगितलेला विनोद मुले वाचत नाहीत.

आधी शब्द बाजूला ठेवा आणि तो श्लेष प्रसंगात काय काम करतो ते लिहून काढा. तिसऱ्या प्रकरणातला उंदीर घ्या. इंग्रजीत ‘गोष्ट’ आणि ‘शेपूट’ यांचा उच्चार एकच. उंदीर गोष्ट सांगू लागतो, ॲलिस शेपटीकडे बघत राहते, म्हणून तिला ती कविता शेपटीच्या आकाराची दिसते. मग ‘नाही’ आणि ‘गाठ’ या सारख्याच उच्चाराच्या शब्दांवरून ती गाठ सोडवायला निघते, आणि उंदीर रुसून जातो. म्हणजे सुटे दोन श्लेष शोधून भागणार नाही. पहिल्यातून दुसरा निघायला हवा.

मराठीत ‘चऱ्हाट’ हे काम करतो. चऱ्हाट म्हणजे दोर, आणि न संपणारे बोलणेही. शेपूट दोरासारखी असतेच.

“तुम्ही म्हणाल काय चऱ्हाट लावलंय, पण माझं चऱ्हाट लांबलचक आहे आणि दुःखाचंही!” उंदीर म्हणाला.

“लांब आहे खरं,” त्याच्या शेपटीकडे बघत ॲलिस म्हणाली, “पण दुःखाचं कसं?”

आणि पुढे, कवितेतल्या कुत्र्यापाशी :

“पाचव्या वळणापर्यंत आलात ना?”

“तिथेच तर माझी त्याच्याशी गाठ पडली!”

“गाठ पडली? द्या इकडे, मी सोडवते.”

शब्दशः भाषांतर नव्हे, पण उंदीर त्याच कारणाने रुसतो आणि त्याच पानावर. थोडे नुकसान होते. चऱ्हाट शब्दात कंटाळ्याची छटा आहे, म्हणून तो उंदराने स्वतःच आधी ‘तुम्ही म्हणाल’ असे सांगून वापरायचा.

नवव्या प्रकरणात समुद्रातल्या शाळेचे धडे रोज कमी होत जातात : पहिल्या दिवशी दहा तास, दुसऱ्या दिवशी नऊ. इथे मराठीचे नशीब उघडते. “तास का म्हणतात मग? रोज थोडे तासायचे म्हणून!” अकराव्या दिवशी सुट्टी का, हे मूल स्वतः मोजते. बाराव्या दिवशी काय करायचात, असे ॲलिस विचारते तेव्हा विषय बदलला जातो. तो बदलूच द्या, तिथे भर घालू नका.

टोपीवाल्याच्या मेजावर तर मराठी मुळाच्याही पुढे जाऊ शकते. त्याच्या मते काळ ही वस्तू नसून व्यक्ती आहे, हे सांगायला इंग्रजीत सर्वनाम बदलावे लागते. आपल्याकडे ‘वेळ’ दोन्ही लिंगांत चालतो. “वेळ वाया घालवता तुम्ही,” असे ॲलिस म्हणाली की टोपीवाल्याने विचारावे, “कोणाबद्दल बोलतेस? तो की ती? तो जातो, ती यावी लागते.” आणि राणीपुढे गाताना त्याच्यावर आरोप आला तो ‘हा वेळ मारून नेतोय’ असा. वेळ मारली, तेव्हापासून ती त्याच्याकडे फिरकत नाही. घड्याळात सहा वाजले ते वाजलेच.

शेपटीच्या कवितेच्या मांडणीबद्दल दोन शब्द. मुळात अक्षर ओळीगणिक बारीक होत जाते. देवनागरीत उकार खाली आणि वेलांट्या, रफार वर जातात, त्यामुळे बारीक ओळी एकमेकींत घुसतात. १४ पॉइंटने सुरुवात करून ८ च्या खाली जाऊ नका, ओळींत नेहमीपेक्षा जास्त अंतर सोडा, एका ओळीत एक-दोन छोटे शब्द ठेवा आणि शब्द मध्येच तोडू नका. जोडाक्षर फुटले की शेपूट तुटलीच. ई-पुस्तकात वाचक अक्षर लहान-मोठे करतो आणि वळणे विस्कटतात. तिथे ही कविता चित्र म्हणून घाला.

प्रश्न : ‘मराठी वाटणारी’ अद्भुत पात्रे सुचत नाहीत. राक्षस आणि परी सोडून काय? (महाविद्यालयीन विद्यार्थी, नागपूर)

वाक्प्रचार खरे माना. टोपीवाला, मार्चमधला ससा आणि चेशायरचे मांजर हे तिघे इंग्रजी बोलण्यातल्या उपमांमधून उठून आलेले आहेत : टोपीवाल्यासारखा वेडा, मार्चमधल्या सशासारखा वेडा, चेशायरच्या मांजरासारखा दात काढणारा. मराठीत ते येतात तेव्हा हा दाखला मागेच राहतो, तरी पात्रे चालतात. म्हणून कसोटी अशी : ज्याला म्हण माहीत नाही त्यालाही प्रसंग कळला पाहिजे.

आपल्याकडे उंटावरचा शहाणा तयारच आहे. मात्र त्याला नुसता उंटावर बसवून सल्ले द्यायला लावले तर तो अर्ध्या पानात संपेल. त्याला अडचण द्या : खाली उतरला की शहाणपण जाते, आणि वाट तर बोगद्यातून आहे. बोलाचीच कढी देणारी खाणावळ घ्या. तिथे पदार्थाचे नाव घेतले की बिल येते, ताट येत नाही. मांजराच्या बाबतीत कॅरल इथेच थांबत नाहीत. नुसते हसू उरते, मग नुसते डोके येते, मग राणी ते उडवायला सांगते, आणि धडच नाही तर डोके उडवायचे कशावरून, असा कायद्याचा पेच उभा राहतो. एका उपमेतून तीन पायऱ्या. तुमच्या पात्राला निदान दोन चढू द्या.

प्रश्न : मुलांच्या पुस्तकात विडंबन घालावे का? कोणत्या कवितेचे? (एक शिक्षिका, चिपळूण)

घालावे, पण जी कविता मुलांना म्हणायला *लावली* जाते तिचेच. ॲलिसच्या काळच्या मुलांना आयझॅक वॉट्स यांची १७१५ सालची, मधमाशीसारखे उद्योगी व्हा असे सांगणारी कविता पाठ असे. कॅरल यांनी मधमाशीच्या जागी मगर ठेवली. चाल तीच, शिस्तही तीच, फक्त मगर हसतमुखाने छोट्या माशांचे जबड्यात स्वागत करते. रॉबर्ट साउदी यांच्या १७९९ मधल्या उपदेशपर म्हातारबाबांना त्यांनी डोक्यावर उभे केले.

पथ्य एकच, पण कडक : वृत्त मोडायचे नाही. भुजंगप्रयात घेतले, म्हणजे मनाच्या श्लोकांची चाल, तर प्रत्येक ओळीत बारा अक्षरे आणि लघु-गुरु-गुरु हा तुकडा चार वेळा.

सदा झोपुनी आठ वाजून जावे
दुधासोबती चार लाडू गिळावे

मुलांना टाळ्या वाजवत म्हणायला लावा. दुसऱ्या ओळीत ‘चार’ऐवजी ‘खूप खूप’ घातले की टाळी अडते, आणि गण न शिकवताही चूक कुठे आहे ते वर्गाला कळते. नवशिके विडंबनात ओळ ओढूनताणून बसवतात, मग ऐकणाऱ्याला मूळ चालच आठवत नाही आणि खोडी वाया जाते. आणखी एक सांगून ठेवावेसे वाटते : वॉट्स आणि साउदी यांच्या त्या कविता आज फारशा कोणी वाचत नाही, मगर मात्र वाचली जाते. तेव्हा विडंबन मुळाशिवायही गंमतीचे व्हायला हवे.

प्रश्न : ‘आणि तिला जाग आली’ हा शेवट म्हणजे फसवणूक नाही का? (एक वाचक, ठाणे)

बहुतेक वेळा असतेच. लेखकाला गुंता सुटत नाही म्हणून तो पात्राला उठवतो. ॲलिसमध्ये तसे वाटत नाही याची दोन कारणे. दुसऱ्याच परिच्छेदात ती नदीकाठी उकाड्याने पेंगुळलेली आहे, म्हणजे सूचना आधीच दिलेली आहे. दुसरे कारण जास्त बारीक आहे. आधी तिचा आकार बदलतो तो काही प्यायल्याने, खाल्ल्याने किंवा हातातल्या पंख्याने. अकराव्या प्रकरणात, न्यायालयात बसलेली असताना, ती पहिल्यांदाच विनाकारण वाढू लागते. नियम मोडला, म्हणजे स्वप्नाची पकड सुटू लागली. पुढे पत्ते अंगावर उडतात, आणि जाग येते तेव्हा बहीण तिच्या तोंडावरची वाळकी पाने झटकत असते. तुमचा शेवट स्वप्नाचा असेल, तर जाग येण्याआधी निदान एक प्रकरण असा एक नियम मोडून ठेवा. मुले मागे जाऊन तो शोधतात.

प्रश्न : डोमकावळा लिहायच्या मेजासारखा का? टोपीवाल्याच्या या कोड्याचे उत्तर काय? (इयत्ता सातवीचा वर्ग, कोल्हापूर)

टोपीवाल्यालाही ते माहीत नाही, आणि कोडे रचले तेव्हा त्याला उत्तरच नव्हते. वाचकांनी पिच्छा पुरवल्यावर कॅरल यांनी १८९६ च्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत एक उत्तर दिले. त्यात ‘कधीही नाही’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दाचे स्पेलिंग त्यांनी मुद्दाम चुकवले होते, कारण तो शब्द उलटा वाचला की ‘डोमकावळा’ होतो. छापखान्यात कोणीतरी ती चूक दुरुस्त केली आणि कावळा उडून गेला. तुम्ही वर्गाचे हस्तलिखित काढत असाल आणि त्यात अशी मुद्दाम चूक असेल, तर समासात लाल शाईने लिहा : ‘असेच हवे, दुरुस्त करू नये.’