दोन शेजारी देशांमध्ये हाय व्होल्टेज लाइन टाकायची तर टॉवर उभे करून वायर जोडली की झालं का?

टॉवर उभे करणं हा त्यातला सोप्पा भाग आहे हो, खरी भानगड दोन ग्रिड, म्हणजे दोन देशांची विजेची जाळी, जोडायचे कसे इथे सुरू होते. भारत-बांगलादेशचंच बघा, दोन्हीकडे विजेची फ्रिक्वेन्सी, म्हणजे सेकंदाला किती आवर्तनं होतात ते, 50 हर्ट्झच, पण ती ज्याची त्याची क्षणाक्षणाला वर-खाली होत असते, त्यामुळे थेट जोडलं तर एकीकडचा गोंधळ सरळ दुसरीकडे जाणार. म्हणून पश्चिम बंगालमधल्या बहरामपूरहून निघणारी 400 केव्हीची (किलोव्होल्टची) लाइन पलीकडे बांगलादेशात भेडामाराला पोचली की तिथल्या स्टेशनात एसीचं (दिशा बदलत राहणाऱ्या विजेचं) डीसी (एकाच दिशेने वाहणारी वीज) करतात आणि तिथल्या तिथे लगेच परत एसी. येड्यासारखं वाटतं ना? पण मधल्या त्या डीसीमुळे दोन्ही ग्रिड वेगळे राहतात आणि किती मेगावॉट सोडायचे ते आपल्या हातात राहतं. 2013 ला 500 मेगावॉटने सुरू झालं, 2018 ला आणखी 500 वाढवले.

नेपाळशी हे लागत नाही, त्यांचा ग्रिड आपल्याशी सिंक्रोनस आहे, म्हणजे एकाच तालात चालतो, म्हणून बिहारमधल्या मुजफ्फरपूरहून नेपाळमधल्या ढल्केबरला जाणारी लाइन थेट एसी. आता गंमत म्हणजे ती बांधली 400 केव्हीची आणि 2016 मध्ये चार्ज केली (वीज सोडून सुरू केली) 132 केव्हीवर, कारण पलीकडचं सबस्टेशनच तयार नव्हतं! एक बाजू मागे राहिली की असंच होतं.

बाकी मग करार. 2024 ला नेपाळची फक्त 40 मेगावॉट वीज भारतातून बांगलादेशला द्यायची होती, तर तेवढ्यासाठीही तिन्ही देशांना मिळून सह्या कराव्या लागल्या.