'क्वाइट गुड' म्हणजे नेमकं किती गुड?

प्रश्न असा आहे: लंडनच्या वरिष्ठांनी अहवाल वाचून 'क्वाइट गुड' एवढंच कळवलं, तर ते कौतुक समजायचं का?

वरिष्ठ इंग्रज असतील तर फार हुरळून जाऊ नका. गुड, इंटरेस्टिंग, वॉर्म अशा कमी-जास्त होऊ शकणाऱ्या विशेषणांआधी ब्रिटिश लोक 'क्वाइट' लावतात, तेव्हा बहुतेकदा त्यांना 'बऱ्यापैकी' म्हणायचं असतं. हेच शब्द अमेरिकन माणसाने लिहिले असतील तर मात्र पेढे वाटा. तिकडे ते 'व्हेरी गुड'च्या जवळ जातात. बोलताना इंग्रज माणूस आघाताने फरक दाखवतो. जोर 'क्वाइट'वर असला तर 'ठीक आहे, पण…', आणि 'गुड'वर असला तर 'चांगलाच झालाय'. ईमेलमध्ये आघात दिसत नाही, म्हणून सगळा घोळ.

गंमत म्हणजे शब्दाचा जुना अर्थ 'पुरता, साफ' असा आहे. तो 'क्विट'चा सख्खा भाऊ; दोघांच्या मुळाशी 'मोकळा, सुटलेला' ही कल्पना. 'बऱ्यापैकी' हा अर्थ पुष्कळ नंतरचा. पण जिथे अर्धवटपणाला वावच नाही, तिथे अजून जुनाच अर्थ चालतो: क्वाइट इम्पॉसिबल, क्वाइट राइट. 'क्वाइट डेड' माणूस बऱ्यापैकी मेलेला नसतो! 'नॉट क्वाइट रेडी' म्हणजे पुरती तयारी नाही, थोडं बाकी आहे. 'आय क्वाइट अग्री' ही पूर्ण सहमती. इंग्रज नुसतंच 'क्वाइट' म्हणून मान डोलावतो, तिथे आपण 'अगदी!' म्हणतो. आणि 'क्वाइट अ फ्यू' म्हणजे थोडे नव्हेत, बरेच.

आपल्याला हे विचित्र वाटायचं कारण नाही. 'चहा बरा झालाय' हे ऐकून चहा करणारी व्यक्ती खूश होत नाही, पण 'बराच' म्हटलं की तोच शब्द भरपूरपणा दाखवतो.

तुमच्या अहवालाबाबत बोलायचं तर पुढचं वाक्य बघा. 'बट'ने सुरू होत असेल, तर खरा निरोप तिथे आहे.

जाता जाता: 'ही इज अ क्वाइट गुड प्लेअर' असं आपल्याकडे सर्रास ऐकू येतं, ब्रिटिश वळण 'क्वाइट अ गुड प्लेअर' असं आहे. आणि लिहिताना शेवटच्या ई-टीची अदलाबदल झाली की 'क्वाइट'चा 'क्वायट', म्हणजे शांत, होतो. ही चूक स्पेलचेकरलाही बऱ्याचदा सापडत नाही, कारण दोन्ही शब्द शब्दकोशात आहेतच.